अंगवळणी पडलेला वास : कुलाब्यातील फळमाशी आणि डोंबिवलीचे नाक

१/२४
डोंबिवलीच्या एमआयडीसी परिसरात प्रथमच आलेला पाहुणा रिक्षातून उतरताच नाकाला रुमाल लावतो आणि विचारतो, "हा वास कसला?" यजमान थांबतो, हवा हुंगतो आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, "कुठला वास?" दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. मग साक्ष कोणाची धरायची? या प्रश्नाचे उत्तर शोधताना डोंबिवलीहून थेट कुलाब्याला, तेथील एका प्रयोगशाळेत आणि जेमतेम तीन मिलिमीटर लांबीच्या माशीच्या मेंदूत जावे लागते. त्या संशोधनाचा आणि ठाणे-कल्याण पट्ट्यातील गंध व ध्वनींच्या इतिहासाचा हा थ्रेड.

२/२४
आरंभ १९६२ सालापासून करावा लागतो. त्या वर्षी दोन घटना घडल्या. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, अस्तित्वात आले आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून त्याच्या कारभाराला सुरुवात झाली. त्याच वर्षी कुलाब्याच्या नेव्हीनगरातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. एका घटनेने या पट्ट्याची हवा बदलली. दुसरीतून नाक हवेची खबर मेंदूला कशी देते, याचा अभ्यास पुढे उभा राहिला. दोन्ही घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता.

३/२४
हा विभाग उभारणारे ओबेद सिद्दीकी मूळचे उत्तर प्रदेशातील बस्तीचे. जन्म १९३२. शिक्षण अलिगढला, पीएच.डी. ग्लासगो येथे ग्विदो पाँटेकॉर्वो यांच्याकडे. पुढे अमेरिकेत जिवाणूंच्या जनुकशास्त्रावर त्यांनी केलेले काम भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्या नजरेत भरले. झिलार्ड यांची शिफारस आणि होमी भाभांचे निमंत्रण यांमुळे सिद्दीकी मुंबईस आले. अणुविज्ञान आणि गणित यांसाठी ख्यातकीर्त असलेल्या संस्थेत जीवशास्त्राचे रोपटे लावले गेले, ते असे.

४/२४
सत्तरच्या दशकात सिद्दीकी जिवाणूंकडून मेंदूकडे वळले. अमेरिकेतील सीमोर बेंझर त्या काळी एक धाडसी कल्पना मांडत होते : वर्तनाचा उलगडा जनुकांच्या वाटेने करता येईल आणि त्यासाठी फळमाशी पुरेशी आहे. केळ्यावर घोंगावणारी हीच ती चिलटाएवढी माशी. सिद्दीकी आणि बेंझर यांनी १९७६ मध्ये अशा माश्यांच्या चेतासंस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्या तापमान वाढताच लुळ्या पडत आणि थंडाव्यात पुन्हा सावरत. एका जनुकातील बिघाड आणि चेतापेशीतील बिघाड यांची गाठ येथे जोडता आली. सिद्दीकींनी यानंतर हाती घेतलेला विषय होता वास आणि चव.

५/२४
आता व्हेरोनिका रॉड्रिग्ज या कथेत येतात. जन्म १९५३, केनियात, मूळच्या गोमंतकीय कुटुंबात. युगांडातील मकेरेरे विद्यापीठात शिक्षणाचा आरंभ, नंतर डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज. तेथे शिकत असताना सिद्दीकींचे संशोधन त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी थेट मुंबईला पत्र लिहिले. १९७७ मध्ये त्या टीआयएफआरमध्ये दाखल झाल्या. गोव्यातून आफ्रिकेत गेलेल्या कुटुंबातील ही मुलगी आयर्लंडमार्गे मुंबईस आली, ती एका माशीला वास कसा येतो हे शोधण्यासाठी.

६/२४
प्रयोगाची रचना वरकरणी साधी होती. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी घ्यायची. एका फाट्यातून गंधयुक्त हवा आणि दुसऱ्यातून स्वच्छ हवा सोडायची. मग किती माश्या कोणत्या फाट्यात शिरतात, ते मोजायचे. पिकल्या फळासारखा वास असणाऱ्या इथाइल ॲसिटेटकडे माश्या धाव घेतात. कडू बदामाच्या वासाचे बेंझाल्डिहाइड त्या टाळतात. वासासारखी निसटती गोष्ट अशा रीतीने आकड्यांत पकडता आली. कोणाच्याही 'मला वाटते' या शब्दांवर विसंबण्याची गरज उरली नाही.

७/२४
पुढची पायरी महत्त्वाची. रसायनाच्या साहाय्याने माश्यांच्या जनुकांत बदल घडवायचे आणि हजारो माश्यांतून वासाची जाण हरपलेल्या वेचून काढायच्या. १९७८ मध्ये रॉड्रिग्ज आणि सिद्दीकी यांनी अशा माश्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. काही माश्यांना एका प्रकारचे गंध कळत नसत, पण दुसऱ्या प्रकारचे व्यवस्थित कळत. म्हणजे 'वास येणे' ही एकच सरसकट शक्ती नसून वेगवेगळ्या गंधांसाठी वेगवेगळ्या वाटा असाव्यात. हे अनुमान मुंबईतून मांडले गेले तेव्हा गंध ओळखणारे रेणू जगात कोणाच्याच हाती लागलेले नव्हते.

८/२४
१९८१ मध्ये पीएच.डी. आणि त्यानंतर जर्मनीतील ट्युबिंगन येथे काही काळ संशोधन करून रॉड्रिग्ज टीआयएफआरमध्ये परतल्या. १९८८ मध्ये त्यांनी आणखी एक काम प्रसिद्ध केले. माशीला किरणोत्सारी खूण असलेली शर्करा दिली आणि मग एकेक वास हुंगवला. मेंदूचा जो भाग त्या वेळी काम करतो, तेथे शर्करा साठते. यातून दिसले की वेगवेगळे गंध मेंदूतील वेगवेगळ्या गोलाकार गुच्छांना जागे करतात. या गुच्छांना ग्लोमेरुलस म्हणतात. गंधांचा जणू नकाशाच मेंदूत आखलेला होता.

९/२४
जगात इतरत्र काय चालले होते? १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदरांच्या नाकातील गंधग्राही रेणूंचे मोठे जनुककुल शोधले. १९९९ मध्ये माशीचे गंधग्राही रेणूही सापडले. बक आणि ॲक्सेल यांना २००४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वेगळ्या गंधांना वेगळ्या वाटा, हे मुंबईत माशीच्या वर्तनावरून बांधलेले अनुमान आता रेणूंच्या पातळीवर दिसू लागले. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते : दिशा दाखवणारा प्रयोग एका शहरात होतो आणि पताका दुसऱ्या शहरात फडकते.

१०/२४
याच काळात कल्याण-डोंबिवलीत काय घडत होते? साठच्या दशकात डोंबिवलीत औद्योगिक वसाहत आली. रसायने, रंग, औषधे, कापडावरील प्रक्रिया असे कारखाने उभे राहिले. मुंबईत घर न परवडणारा मध्यमवर्ग लोकलच्या आधाराने याच गावांत वस्तीला आला. वसाहतीतच निवासी विभागही वसला. कारखाना आणि स्वयंपाकघर यांत काही ठिकाणी एका रस्त्याचेच अंतर राहिले. पहाटेचा डबा, साडेसातची गाडी आणि रात्री हवेतला दर्प हे तिन्ही एका पिढीच्या दिनक्रमाचे भाग झाले.

११/२४
या हवेची दप्तरी नोंद आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष निर्देशांक काढला. त्यात ७० हून अधिक गुण म्हणजे 'अतिप्रदूषित'. डोंबिवली त्या यादीत होती. जानेवारी २०१४ मध्ये येथे हिरवट पाऊस पडल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतील गुलाबी झालेला रस्ता पाहण्यास खुद्द मुख्यमंत्री आले. रंगाची छायाचित्रे निघतात, म्हणून रंगाची बातमी होते. वासाचे छायाचित्र निघत नाही. त्याची साक्ष फक्त नाक देते. आणि नाकाच्या साक्षीत एक खोट आहे.

१२/२४
ती खोट म्हणजे सवय. मराठीत यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे : अंगवळणी पडणे. सवय ही विज्ञानाच्या दृष्टीने शिकण्याची सर्वांत प्राथमिक पायरी होय. एरिक कँडल यांनी समुद्री गोगलगाईला पुन्हापुन्हा हलका स्पर्श केला, तेव्हा ती हळूहळू अंग आखडून घेईनाशी झाली. चेतापेशींमधील सांध्यांची ताकद अनुभवाने बदलते, हे त्यांनी दाखवले आणि २००० सालच्या नोबेलचे ते मानकरी झाले. अनुभवानुसार स्वतःची रचना बदलण्याच्या या गुणालाच मेंदूची लवचीकता म्हणतात. वासाच्या बाबतीत ती कशी चालते, हा प्रश्न मात्र शिल्लक होता.

१३/२४
त्याचे एक ठोस उत्तर २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. रॉड्रिग्ज तोवर बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, म्हणजे सिद्दीकींनीच उभारलेल्या एनसीबीएसमध्ये, गेल्या होत्या. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील मणी रामस्वामी आणि इतर सहकाऱ्यांसह हे संशोधन झाले. माश्यांना अर्धा तास एखाद्या वासात ठेवले, तर त्या वासाला त्यांचा प्रतिसाद थोड्या वेळापुरता मंदावतो. सलग चार दिवस ठेवले, तर ही मंदी कित्येक दिवस टिकते. इतर वासांना मात्र त्याच माश्या पूर्वीसारखाच प्रतिसाद देतात. म्हणजे नाक थकलेले नसते. त्या एकाच वासापुरते काहीतरी बदललेले असते.

१४/२४
ते 'काहीतरी' कोणते? सामान्य समजूत अशी की सवय म्हणजे संवेदना झिजणे, जसे नाणे हाताळून गुळगुळीत होते. माशीच्या मेंदूत उलटे दिसले. त्या विशिष्ट गंधाच्या गुच्छातील रोधक चेतापेशी, म्हणजे संदेश दाबणाऱ्या पेशी, अधिक बळकट झाल्या होत्या. दीर्घ सवयीनंतर त्या गुच्छाचे आकारमानही वाढलेले आढळले. वासाची खबर आत येतच असते. मेंदू तिच्यावर एक ब्रेक बसवतो आणि तो ब्रेक बसवण्यासाठी मेहनत घेतो. अंगवळणी पडणे हे खरे तर मेंदूच्या वळणी पडणे आहे.

१५/२४
या शोधाचा अर्थ नीट समजून घ्यावा. 'वास येत नाही' याचे कारण 'वास नाही' असे असू शकते किंवा 'वास इतका सतत आहे की मेंदूने तो दाबून टाकला आहे' असेही असू शकते. बाहेरून दोन्ही स्थिती सारख्याच दिसतात. फरक ओळखण्याची खूण अशी : माश्यांना त्या वासापासून काही दिवस दूर ठेवले की ब्रेक सुटतो आणि जाण परत येते. गणपतीत आठ दिवस कोकणात राहून परतलेल्या डोंबिवलीकराला स्टेशनाबाहेर पडताच जे अचानक जाणवते, ते हेच असावे.

१६/२४
माशीचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, ही शंका रास्त आहे. म्हणून माणसांवरील एक प्रयोग पाहू. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातील पामेला डाल्टन आणि चार्ल्स विसॉकी यांनी १९९६ मध्ये तो प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांच्या घरी दोन आठवडे एक विशिष्ट वास ठेवण्यात आला. त्या वासाबाबतचे त्यांचे नाक मंदावले आणि वास हटवल्यावरही ही मंदी दोन आठवड्यांपर्यंत टिकली. दोन आठवड्यांच्या सहवासाने एवढे होत असेल, तर वीस-तीस वर्षे एकाच हवेत राहिलेल्या माणसाच्या 'कुठला वास?' या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

१७/२४
नाकाचे मौन काही वेळा जिवावर बेतते. हायड्रोजन सल्फाइड हा नासक्या अंड्याच्या वासाचा वायू गटारांत आणि काही रासायनिक प्रक्रियांत तयार होतो. अगदी अल्प प्रमाणातही त्याचा वास येतो. पण प्रमाण सुमारे १०० पीपीएमपर्यंत गेले की काही मिनिटांत नाकच बधिर होते आणि वास 'गेला' असे वाटते. येथे कारण वेगळे आहे, ही मेंदूची सवय नसून विषाचा परिणाम आहे. पण शिकवण तीच : वास नाहीसा होणे म्हणजे धोका नाहीसा होणे नव्हे.

१८/२४
सवय एका गंधापुरती असते, याची दुसरी बाजूही आहे. अनोळखी दर्प आला की सवयीचे कवच उपयोगी पडत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रासायनिक सांडपाणी सोडले गेले. शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास झाला आणि लोक रस्त्यावर उतरले. वालधुनीला त्यापूर्वी वास नव्हता काय? होताच. पण तो रोजचा होता. 'रोज मरे त्याला कोण रडे' ही म्हण गंधाच्या इतिहासालाही लागू पडते. वृत्तपत्रांत अपघात येतो, दिनक्रम येत नाही.

१९/२४
हीच कथा कानाची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी निघाली : चौदा डबे, तीन इंजिने, सुमारे चारशे पाहुणे आणि २१ तोफांची सलामी. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. ज्या खाडीकाठी वल्ह्यांचा आणि देवळातल्या घंटांचा आवाज होता, तेथे शिट्टी आणि रुळांचा खडखडाट आला. आज रुळांलगतच्या चाळीत माणसे जलद गाड्यांच्या आवाजात गाढ झोपतात, आणि मेगाब्लॉकच्या दिवशी शांततेने जागी होतात.

२०/२४
कान 'सरावतो' याचाही अर्थ तपासला गेला आहे. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना काही काळ मोठ्या आवाजात ठेवले. ऐकण्याची क्षमता घटली आणि काही दिवसांनी चाचणीत पूर्ववत दिसली. पण आतल्या कानातील पेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणारे कित्येक सांधे कायमचे नष्ट झालेले होते. चाचणी म्हणत होती, सर्व ठीक आहे. सूक्ष्मदर्शक म्हणत होता, नाही. सस्तन प्राण्यांच्या आतल्या कानातील केसपेशी एकदा गेल्या की आपसूक पुन्हा उगवत नाहीत. मेंदू लवचीक असतो, कान तितका नसतो.

२१/२४
लवचीकतेला दोष देण्याचे मात्र कारण नाही. तीच माणसाला तारतेही. जन्मतः कर्णबधिर मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट बसवले, तर मेंदूचा श्रवणविभाग नव्याने आवाज शिकतो. अनु शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की हे साडेतीन वर्षे वयाच्या आत झाले तर सर्वाधिक लाभ होतो. सात वर्षांनंतर ती वाट बहुतांशी अरुंद होते. म्हणूनच बाळाच्या श्रवणचाचणीची घाई करायची असते. ज्या गुणामुळे बालकाचा मेंदू आवाजाला दार उघडतो, त्याच गुणामुळे प्रौढाचा मेंदू वासाला दार लावून घेतो.

२२/२४
मग सवय झालेल्या समाजात तक्रार कोणी करायची? ठाण्याने याचे एक उत्तर दिले. तेथील डॉ. महेश बेडेकर यांनी ध्वनिप्रदूषणाविरुद्ध २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल लागला : ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत अधिकार नाही. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. येथे निर्णायक ठरतो तो मोजलेला आकडा. 'आम्हाला काही त्रास होत नाही' असे कितीही जणांनी सांगितले, तरी डेसिबल कमी होत नाहीत. मापकयंत्राला सवय लागत नाही.

२३/२४
इतिहासाच्या अभ्यासकासाठी यात मोलाचा धडा आहे. दप्तरात तक्रार नाही, म्हणून त्रास नव्हता, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. गंध आणि ध्वनी यांच्या बाबतीत तो विशेष धोक्याचा. तेथे जुन्या रहिवाशाच्या मौनापेक्षा नवख्याची नोंद अधिक बोलकी ठरते : प्रवासवर्णन, बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याचे पत्र, माहेरी आलेल्या लेकीचा उद्गार. आणि त्या नोंदीशेजारी यंत्राचे मोजमाप ठेवावे लागते. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये डोंबिवलीच्या कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी प्रत्येक वेळी दहाहून अधिक बळी घेतले. त्या स्फोटांच्या तारखा इतिहासात राहतील. त्यांच्या मधल्या आठ वर्षांची हवाही राहायला हवी.

२४/२४
व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचे १० नोव्हेंबर २०१० रोजी कर्करोगाने निधन झाले. सवयीवरचा तो निबंध त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. रस्त्यावर वाहनाची धडक बसून जखमी झालेले ओबेद सिद्दीकी २६ जुलै २०१३ रोजी बंगळुरूत निवर्तले. माशीच्या नाकापासून सुरू झालेल्या त्यांच्या कामाने एक गोष्ट पक्की केली : सवय हा मेंदूने केलेला बदल आहे, हवेत झालेला नव्हे. तेव्हा पुढच्या खेपेस डोंबिवलीत एखाद्या पाहुण्याने "हा वास कसला?" असे विचारले, तर त्याला नाजूक नाकाचा म्हणून हसू नये. तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. त्या घरातला सर्वांत विश्वसनीय साक्षीदार त्या घडीला तोच असतो.